आठव्या थांब्याची चार मिनिटं

मास्तर काही खराखुरा मास्तर नव्हता. त्याच्याकडे फळा होता, पण तो पांढरा आणि रंगीत चिठ्ठ्यांनी भरलेला. विद्यार्थीही होते म्हणायचे, पण त्यातली एक एक्कावन्न वर्षांची होती आणि तिला मास्तरपेक्षा दुप्पट कळत होतं. कंपनीच्या कागदावर त्याचं पद होतं स्क्रम मास्टर. पहिल्या दिवशी सगळ्यांनी ते नीट उच्चारलं, दुसऱ्या दिवशी त्यातला अर्धा भाग गळला आणि तिसऱ्या दिवसापासून तो मास्तर झाला तो झालाच.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत सहा माणसं मिळून एक ॲप बनवत होती. शाळेची बस आपल्या थांब्यावर किती वाजता येईल, हे आईबाबांना फोनवर कळावं, एवढंच त्याचं काम. सहाही जण पंधरा-पंधरा दिवसांच्या टप्प्याने काम करत. अशा एका टप्प्याला म्हणायचं स्प्रिंट. पहिल्या दिवशी ठरवायचं की या पंधरवड्यात काय काय करू. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी बोर्डावर लावायची. काम पुढे सरकलं की चिठ्ठीही पुढच्या रकान्यात सरकवायची: करायचंय, चालू आहे, तपासतोय, झालं. आणि शेवटच्या दिवशी जे झालं ते सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं.

प्रत्येकाचं काम वेगळं होतं. आधी काय करायचं आणि नंतर काय, हे मालकीणबाई ठरवायची. ती प्रॉडक्ट ओनर, म्हणून मालकीणबाई. तिच्या मालकीचं त्या खोलीत एक कुंडीतलं रोपटं सोडलं तर काही नव्हतं. ते कसं करायचं हे ताई ठरवायची, कारण प्रोग्राम लिहायची ती. तिच्या जोडीला दोन हेडफोनवाले होते. नकाशे आणि बटणं त्यांच्याकडे. ते बोलत नसत, मान हलवत. आणि जे लिहिलंय ते खरंच चालतं का, हे तपासायचा शंकासूर. त्याला नाव कुणी ठेवलं ते आठवत नाही, पण बदलावं असं कुणालाच वाटलं नाही. दाराला कुलूप लावून तो तीनदा ओढून बघायचा आणि मग जिन्यावरून परत यायचा.

आणि मास्तर? त्याने यातलं काहीच करायचं नव्हतं. या पाच जणांच्या वाटेतले दगड उचलायचे, एवढंच. हीच तर सगळी पंचाईत होती. अकरा वर्षं त्याने स्वतः प्रोग्राम लिहिले होते. झरझर लिहायचा. कुणी हळू काम करताना दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे, आणि मग "सरक जरा" म्हणून तो त्या खुर्चीत बसलेला असायचा. मागच्या दोन स्प्रिंटमध्ये तेच झालं. दगड वाटेतच राहिले, आणि शेवटच्या दिवशी अर्ध्याच चिठ्ठ्या 'झालं'मध्ये पोचल्या.

साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, "या खेपेला शाळेच्या मोठ्या बाई स्वतः बघायला येणार आहेत. त्यांच्यासमोर शोभा झाली, तर ही टीम मोडली म्हणून समजा. ताई पाचव्या मजल्यावर, शंकासूर दुसऱ्या इमारतीत, बाकीचे जिथे जागा असेल तिथे."

मास्तर रात्री जागून मनातल्या मनात चिठ्ठ्या मोजायचा तो यामुळेच. नोकरी कुणाचीच जाणार नव्हती. पण अशी सहा माणसं पुन्हा एका खोलीत जमायची नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शेवटचा दिवस गुरुवारचा. सकाळी खऱ्या बसवर खऱ्या पालकांकडून चाचणी, दुपारी तीन वाजता मोठ्या बाईंसमोर प्रयोग. बुधवारी सकाळी सगळे नेहमीप्रमाणे बोर्डासमोर जमले. ही रोजची बैठक उभ्यानेच करायची असते, म्हणजे कुणी पाल्हाळ लावत नाही.

"आठव्या थांब्याची चिठ्ठी अजून 'करायचंय'मध्येच आहे," मालकीणबाई म्हणाली. "ॲप म्हणतं बस सात-वीसला येणार, आणि बस येते सात-चोवीसला. ताई, चार मिनिटं लोक ताटकळतात हो!"

"ताटकळू देत," ताई शांतपणे म्हणाली. "आपण नाही का रोज पंधरा मिनिटं उभे राहत?"

"पण उद्या चाचणी आहे!"

"म्हणूनच. उद्या बस आठही थांब्यांवर जाईल. कुठे किती चुकतं ते मला बघायचंय. आकडे हातात आले की दुपारच्या आत करते." आणि ती खिडकीबाहेर बघत बसली. ताई विचार करायची ती नेहमी खिडकीबाहेर बघूनच.

संध्याकाळी पाच वाजता तिने पर्स खांद्याला लावली आणि ती गेली. चिठ्ठी तिथेच. मास्तरने चिठ्ठीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पुन्हा चिठ्ठीकडे पाहिलं. बस चार मिनिटं लवकर दाखवते ना? मग चार मिनिटं मिळवली की झालं! यात बघायचं काय आणि विचार कसला? तो ताईच्या खुर्चीत बसला. चार मिनिटं मिळवायला त्याला तीन मिनिटं लागली. उठताना त्याला इतकं हलकं वाटलं की जिना तो दोन-दोन पायऱ्यांनी उतरला.

गुरुवारी सकाळी त्याच्या घरी तो आणि चिमी दोघंच होते. चिमी त्याची मुलगी, तिसरीत शिकणारी. आई इस्पितळात नर्स, तिची पहिली पाळी, त्यामुळे ती सहालाच निघून गेलेली. त्यांचं घर बरोबर आठव्या थांब्यावर, पहिल्या मजल्यावर. मास्तरने फोन बघितला. बस सात-बत्तीसला. आज बस उशिरा निघाली असेल, असं समजून ऐटीत त्याने चिमीची एक वेणी सोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

"बाबा, बस आली," चिमी खिडकीतून म्हणाली.

"नाही गं. अजून आठ मिनिटं आहेत. मान हलवू नकोस."

"बाबा, बस थांबली."

"दुसऱ्या शाळेची असेल."

"बाबा, बस गेली. ड्रायव्हरकाकांनी मला टाटा केला."

मास्तरच्या तोंडचं पाणी पळालं. एक वेणी घातलेली आणि एक सुटलेली अशा अवतारात त्याने चिमीला स्कूटरवर बसवलं आणि बसचा पाठलाग सुरू केला. बस काही सापडली नाही. शाळा सापडली, पण फाटक बंद झालेलं. आणि फाटकाबाहेर ही गर्दी! पहिल्या थांब्यापासून आठव्यापर्यंतचे झाडून सगळे पालक पोरांना घेऊन उभे, आणि प्रत्येक जण आपला फोन पहारेकऱ्याच्या नाकासमोर नाचवतोय. "हे बघा! अजूनही म्हणतंय बस यायचीय!" त्या दिवशी बसमधून दोनच मुलं शाळेत पोचली होती. त्यांच्या आईबाबांनी ॲप उतरवूनच घेतलं नव्हतं.

"कुणी बनवलंय हे?" एक आजोबा ओरडले. "समोर तरी येऊ दे एकदा!"

मास्तरने हेल्मेटची काच खाली ओढली आणि स्कूटर वळवली.

"बाबा, शाळा तिकडे आहे," चिमी मागून म्हणाली.

"आज तू माझं ऑफिस बघ," मास्तर म्हणाला.

साडेनऊला सगळे बोर्डासमोर उभे होते. चिमी टेबलावर पाय हलवत बसली होती. मालकीणबाई आपल्या रोपट्याची पानं पुसत होती, ती कालच पुसली होती. शंकासूर भिंतीकडे बघत होता. मास्तरला वाटलं, सगळ्यांना आपलंच कर्म कळलंय आणि कुणी नाव घेत नाहीये.

या बैठकीत प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या असतात: काल काय केलं, आज काय करणार आणि अडलंय कुठे. मास्तरने घसा साफ केला. "शंकासूर, तू सुरुवात कर. काल काय केलंस?"

"काल? काल मी... नेहमीचंच."

"मालकीणबाई?"

"मी यादी बघितली. बघितली म्हणजे नुसती नजर टाकली."

हेडफोनवाल्यांनी मान हलवली.

"मी सांगते," ताई म्हणाली. तिच्या हातात एक कागद होता. "सकाळपासून मी आठ थांब्यांचे आकडे घेऊन बसलेय. आठव्या थांब्यावर ॲप चार मिनिटं लवकर दाखवायचं, हे आपल्याला माहीत आहे. आज ते आठ मिनिटं उशिरा दाखवतंय. म्हणजे काल पाच वाजल्यानंतर कुणीतरी त्यात मिनिटं मिळवली. किती मिळवली असतील, कुणी सांगेल?"

मालकीणबाईने आणखी एक पान पुसलं.

"बारा!" चिमी टेबलावरून म्हणाली.

"शाब्बास. आणि चार मिळवायच्या ठिकाणी बारा मिळवण्याइतकं कच्चं गणित इथे कुणाचंच नाही. मग बारा कसे झाले?"

चिमीने बोटं मोजली. "चार-चार असे तीनदा."

"तीनदा," ताई म्हणाली आणि तिने चष्मा काढून एकेकाकडे पाहिलं. "मी तर घरी होते."

हेडफोनवाल्यांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

"बरं. मग उरले किती, चिमी?"

"तीन! बाबा, ही मावशी आणि भिंतीकडे बघणारे काका."

"मी फक्त वेळापत्रकात मिळवली हो!" मालकीणबाईचा बांध फुटला. "वेळापत्रक माझ्याकडेच असतं ना? आठही थांब्यांपुढे चार-चार मिनिटं घातली. म्हटलं ताईला तेवढीच मदत."

"आणि मी फोनच्या पडद्यावर," शंकासूर भिंतीलाच म्हणाला. "मला शंका आली की हे वेळेत होणार नाही."

"तू? तुझं काम तपासायचं!" मास्तर म्हणाला.

"मग तपासलं ना मी! केल्यावर लगेच तपासलं. त्या वेळी बरोब्बर चालत होतं. तुम्ही दोघांनी नंतर हात घातलात, त्याला मी काय करू?"

"आणि तुझे चार कुठे आहेत, मास्तर?" ताईने विचारलं.

"तुमच्या प्रोग्राममध्ये," मास्तर पुटपुटला. "तुमच्या खुर्चीत बसून."

चिमी खो-खो हसायला लागली. आधी हेडफोनवाल्यांचे खांदे हलले, मग मालकीणबाईला आवरेना, आणि शेवटी शंकासूरही भिंत सोडून वळला. ताई मात्र हसली नाही. तिने कागद बोर्डावर चिकटवला.

"आता हे बघा. काल माझा नुसता अंदाज होता, आज आकडे आहेत. तुमची बारा मिनिटं वजा केली, तर पहिल्या थांब्यावर चूक जवळजवळ शून्य आहे. चौथ्यावर दोन मिनिटं. आठव्यावर चार. का? कारण बस थांब्यावर थांबते! मुलं चढतात, दप्तरं अडकतात, कुणाची आई पुन्हा एक पापा घेते. प्रत्येक थांब्यामागे अर्धं मिनिट जातं आणि ते आपण धरलेलंच नाही. तुमची चार मिनिटं एकदाच मिळवली असती, तरी आठव्याचे लोक खूश आणि पहिल्याची मुलं घरी."

मास्तरला त्या क्षणी टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं. इतकं सोपं! तो मनातल्या मनात प्रोग्रामच्या ओळी लिहायलाही लागला होता. अर्ध्या तासाचं काम. त्याचा हात नकळत कीबोर्डाकडे गेला.

"मास्तर," ताई म्हणाली, "हात."

त्याने हात मागे घेतला. मग त्याला आठवलं की तिसरा प्रश्न अजून कुणी विचारलेलाच नाही. "ताई, तुम्हाला अडलंय कुठे?"

"दोन ठिकाणी. एक, ज्याने त्याने आपापली चार मिनिटं काढून टाका. आणि मग आपापल्या जागेवर बसा. मला दोन तास द्या."

"आणि दुसरं?"

"दुसरं आत्ता जिना चढतंय."

जिन्यावर दणादण पावलं वाजत होती. साहेबांची पावलं सगळे ओळखायचे. काही बिनसलं की साहेब येऊन काम करणाऱ्याच्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि दर दहा मिनिटांनी विचारायचे, "झालं?" मागे कुणी श्वास सोडत उभं असलं की ताईला साधी बेरीजही सुचायची नाही. मास्तरने इतके दिवस हे पाहिलं होतं, पण तेव्हा तो स्वतःच दुसऱ्या बाजूने तिच्या खुर्चीवर वाकलेला असायचा.

त्याने आपली चार मिनिटं घाईघाईने काढून टाकली, चिमीचा हात धरला आणि दारातच साहेबांना गाठलं. "साहेब, खाली चला, सगळं सांगतो."

"इथेच सांग! शाळेतून तीन फोन आलेत!"

"खाली चहा गरम आहे, साहेब."

खाली कँटीनमध्ये त्याने सगळं सांगितलं. बारा मिनिटांचं, तिघांचं, स्वतःचंही. काही झाकून ठेवलं नाही. साहेबांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"आणि आता ती दोन तास घेणार? तू किती वेळात करशील?"

"अर्ध्या तासात," मास्तरच्या तोंडून निघून गेलं.

"मग ऊठ! वर जा आणि कर!"

मास्तरच्या पायांनी उठायची तयारी केली होती. साहेबांचा हुकूम होता, हात शिवशिवत होते, आणि अर्ध्या तासात सगळं निस्तरलं असतं. त्याने टेबलाची कड घट्ट धरली.

"नाही साहेब. मी नाही करणार."

"काय?"

"काल मी असंच तीन मिनिटांत केलं होतं. कशामुळे चुकतंय ते ताईंना कळलं, मला नव्हतं कळलं. अजून त्यात काय काय असेल, तेही त्यांनाच माहीत. माझं काम तिथे नाही."

"तुझं काम मी ठरवणार की तू?"

"बाबा असंच करतो," चिमी मध्येच म्हणाली. ती चहाच्या टेबलावर कागद पसरून ठिपके काढत होती. "त्याने माझ्या गृहपाठातलं झाडपण पूर्ण केलं. बाईंनी चांदणी दिली. मी ती चांदणी बाबाच्या शर्टाला चिकटवली."

साहेबांना रागाचा धागा सापडेना. "तुझं झाड नीट नव्हतं का?"

"माझं वाकडं होतं. पण ते आमच्या खिडकीतलं झाड होतं. ते वाकडंच आहे. बाबाने सरळ केलं." तिने पेन्सिल पुढे केली. "तुम्हाला चौकोन येतात खेळता?"

"कसले चौकोन?"

"एक रेघ तुम्ही मारायची, एक मी. जो चौकोन बंद करेल त्याचा तो. आणि त्याला आणखी एक रेघ मिळते. या कागदावर शंभर ठिपके आहेत. तुम्ही हरलात तर रडायचं नाही."

"मी? हरणार?" साहेब म्हणाले, आणि त्यांनी एक रेघ मारली, कारण एवढं ऐकून घेणारा माणूस साहेब होत नाही.

आता मास्तरची खरी कसोटी सुरू झाली. पहिला अर्धा तास दोघंही सावध खेळत होते. मग चिमीने पेन्सिल एका जागी टेकवली आणि मास्तरचा जीव टांगणीला लागला. तिथे नको! तिथे रेघ मारलीस तर साहेबांना चार चौकोन एकदम मिळतील! त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि छताकडे पाहिलं. चिमीने रेघ मारली. साहेबांनी चारही चौकोन गिळले, आनंदाने टेबलावर थाप मारली आणि मग त्यांच्या लक्षात आलं की जादाची रेघ मारायला आता सोयीची जागाच उरली नाहीये. जी मारावी लागली तिने चिमीला सलग नऊ चौकोन मिळाले.

"हे तू मुद्दाम केलंस?" साहेबांनी विचारलं.

"मग?" चिमी म्हणाली.

मास्तरने छताकडे बघणं सोडलं. आपण ती रेघ अडवली असती तर, या विचाराने त्याचे कान गरम झाले.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बायकोचा. "अरे, शाळेतून फोन आला! म्हणे उशिरा आलेल्या सगळ्यांना आत घेतलं, आपली तेवढी नाही! कुठे आहे ती?"

"इथेच आहे. साहेबांना हरवतेय."

"कुठे हरवलेत साहेब?"

"हरवले नाहीत, हरतायत. मी नंतर सांगतो."

"आणखी एक डाव," साहेब त्याच क्षणी म्हणाले. "आणि या वेळी ठिपके मी काढणार."

दुसरा डाव संपत आला तेव्हा मास्तरच्या फोनवर ताईचा निरोप आला: झालं. साहेबांना सोड.

तीन वाजता शाळेच्या मोठ्या बाई आल्या. सकाळचा फाटकाबाहेरचा गोंधळ अजून त्यांच्या चेहऱ्यावर होता. "मला भाषण नको," त्या म्हणाल्या. "सव्वातीनला आमची परतीची बस सुटते. ती बघायची." त्यांनी शाळेच्या क्लार्कला बसमध्येच बसवून ठेवलं होतं. तो प्रत्येक थांब्यावरून फोन करून खरी वेळ सांगणार होता.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नकाशा उमटला. परतीच्या वाटेवर थांब्यांचा क्रम उलटा होता. मालकीणबाईने वेळापत्रक उलटं करून घेतलं होतं, एकही मिनिट न मिळवता, हे तिने सगळ्यांना दोनदा सांगितलं. बस निघाली. खोलीत कुणी खुर्ची हलवली नाही. पहिला थांबा, बरोबर. दुसरा, बरोबर. तिसऱ्याला शंकासूरने डोळे मिटून घेतले. चौथा, बरोबर. पाचव्याला क्लार्क म्हणाला, "एक मिनिट उशीर. एक मुलगी पाण्याची बाटली विसरून पुन्हा चढली."

"लिहून घेतलं," शंकासूर म्हणाला. त्याच्या आवाजात सुख मावत नव्हतं.

"हे आत्ताच करायला हवं!" हेडफोनवाल्यांपैकी एक म्हणाला. तो बोलतो हे बऱ्याच जणांना त्या दिवशी कळलं.

"नाही," मालकीणबाई म्हणाली. "बाटलीची चिठ्ठी पुढच्या वेळी. आणि आधी घ्यायची की नंतर, ते मी ठरवणार."

मास्तरने तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

सहावा, सातवा, आठवा. तिन्ही बरोबर.

मोठ्या बाईंनी पर्स उचलली. "किती कामं ठरवली होतीत?"

"नऊ," साहेब म्हणाले आणि त्यांनी बोर्डाकडे नाराजीने पाहिलं. "झाली सात."

"राहिलेली दोन काय आहेत, मला माहीतही नाही. माझ्या मुलांना बस मिळाली पाहिजे. सोमवारपासून सुरू करा." आणि जाता जाता त्या चिमीपाशी थांबल्या. "तू आमच्याच शाळेतली ना? आज गैरहजर का?"

"मी कामावर होते," चिमी म्हणाली.

बाई गेल्या. आता खोलीत फक्त ते सहा जण, चिमी आणि साहेब. साहेब बोर्डापुढे हात मागे बांधून उभे राहिले. एकेक चिठ्ठी त्यांनी वाचली.

"हे ताईने केलं. हे त्या दोघांनी. तपासलं याने. क्रम लावला हिने." मग ते वळले. "आणि मास्तर, तू? आज दिवसभर तू नेमकं काय केलंस?"

मास्तरला सांगण्यासारखं बरंच सुचलं होतं. समन्वय साधला, मार्गदर्शन केलं, असे गुळगुळीत शब्द जिभेवर आले. पण बारा मिनिटांनंतर त्याला कशाचीच भर घालावीशी वाटेना.

"तुम्हाला खाली बसवून ठेवलं, साहेब," तो म्हणाला. "ते काम माझं एकट्याचंही नाही. निम्मं चिमीने केलं."

दोन्ही हेडफोनवाल्यांनी हेडफोन काढले. मालकीणबाईने रोपटं जवळ ओढलं. शंकासूरच्या मनात पहिल्यांदाच शंका उरली नाही, टीम मोडलीच.

साहेबांनी ताईकडे पाहिलं. "किती वेळ लागला तुम्हाला?"

"दोन तास दहा मिनिटं."

"आणि मी वर असतो तर?"

ताई काही क्षण खिडकीबाहेर बघत राहिली. सगळ्यांना कळलं की ती विचार करतेय. मग म्हणाली, "उद्या संध्याकाळ."

साहेबांनी खिशातून फोन काढला. "पाचवा मजला? हां. ती खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या. ताई येत नाहीत. नाही, बाकीचेही कुणी येत नाहीत." फोन ठेवून ते दारापर्यंत गेले आणि थांबले. "पुढच्या पंधरवड्याचा शेवटचा दिवस कधी येतो?"

"पुढच्याच्या पुढच्या गुरुवारी, साहेब," मास्तर म्हणाला.

"मला आदल्या दिवशी आठवण कर. मी आपला आपणच खाली जाऊन बसेन." आणि मग जरा घुटमळत, कुणाकडेच न बघता, "हिला त्या दिवशी सुट्टी असते का?"